बेपत्ता माणसाची किंमत

माणूस मेला तर त्याच्यासाठी रडता येते, जिवंत असला तर त्याची वाट पाहता येते. बेपत्ता माणूस घरच्यांना या दोहोंपैकी काहीच पुरते करू देत नाही. हे दुःख सर्वत्र सारखेच आहे. मात्र त्याची दखल सर्वत्र सारखी घेतली जात नाही. हरवला कोण, यावर शोधणार कोण हे ठरते. हे समजून घेण्यासाठी मी दोन ठिकाणे शेजारी-शेजारी ठेवतो : न्यू गिनीचे बेट आणि आमचा जव्हार-मोखाड्याचा डोंगर.

नोव्हेंबर १९६१ मध्ये, तेव्हा डच ताब्यात असलेल्या न्यू गिनीच्या अस्मत किनाऱ्याजवळ मायकेल रॉकफेलर या २३ वर्षांच्या अमेरिकन तरुणाची होडी उलटली. अस्मत लोकांची लाकडी शिल्पे तो संग्रहालयासाठी गोळा करीत होता. होडीवरची दोन स्थानिक मुले पोहत किनाऱ्याला गेली आणि त्यांनी खबर दिली. दुसऱ्या दिवशी, १९ तारखेला, मायकेलही पोहत निघाला. तो पुन्हा कोणाला दिसला नाही. होडीवर थांबलेला त्याचा डच सहकारी रेने वासिंग वाचला. वडील नेल्सन रॉकफेलर न्यूयॉर्कचे गव्हर्नर. ते तातडीने तेथे पोचले. विमाने आणि जहाजे शोधाला लागली. प्रेत सापडले नाही. १९६४ साली, म्हणजे तीन वर्षांत, तो कायद्याने मृत ठरला. बुडाला, मगरीने नेला की मारला गेला, हे आजही निश्चित नाही. १९८२ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात त्याच्या नावाचे दालन उघडले.

याच किनाऱ्यावरील ओत्सजानेप गावात १९५८ साली डच तुकडीच्या गोळीबारात पाच माणसे मेली होती. मायकेलचा मृत्यू हा त्याचा सूड असावा, असे कार्ल हॉफमन यांनी २०१४ सालच्या पुस्तकात मांडले. म्हणजे त्या पाच प्रेतांकडे जगाची नजर वळली तीही धनिकाच्या मुलाचा माग काढताना! ज्यांची शिल्पे दालनात गेली, त्यांची मेलेली माणसे मात्र तळटीपेत राहिली.

आता आमच्याकडे पाहा. जव्हार-मोखाडा पूर्वी ठाणे जिल्ह्यात होते, १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे. भात घरात आले, दिवाळी उरकली की वारली, कोकणा, ठाकर, कातकरी कुटुंबे घराला कडी घालून निघतात : वीटभट्टीवर, रेतीवर, इमारतीच्या कामावर. कातकरी तर आधीच घेतलेल्या उचलीपोटी जातो. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने गुन्हा ठरली. उचलीचा हिशेब मात्र मालकाच्याच वहीत राहिला. मुकादम एका गावचा, मालक दुसऱ्या, काम तिसऱ्या तालुक्यात. हजेरीपटावर नाव नाही. पावसाच्या तोंडाशी सगळे परततात आणि एखादा परतत नाही. जो कामावर होता याचाच पुरावा नाही, तो हरवला हे सिद्ध कसे करायचे?

कायदा काय म्हणतो? १८ वर्षांखालील मूल हरवले तर अपहरणाचा गुन्हा गृहीत धरून नोंद करावी, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ चा आदेश आहे. प्रौढाची मात्र केवळ 'मिसिंग' म्हणून नोंद होते. तो आपल्या मर्जीने गेला असेल, असे धरले जाते. उचलीपायी मर्जीच गहाण पडलेल्या माणसाला हे गृहीतक लागू करणे ही क्रूर थट्टा आहे. सात वर्षे ज्याची काहीच खबर नाही तो मृत मानावा, हे १८७२ च्या पुरावा कायद्याचे कलम १०८. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम १११ झाले. परंतु सात वर्षे सरली म्हणून मृत्यूचा दाखला आपोआप हाती येत नाही. त्यासाठी दिवाणी न्यायालयात जावे लागते. तोवर त्याची बायको विधवाही नाही आणि नवऱ्याची बायकोही नाही. विधवा म्हणून अनुदान मागावे तर दाखला हवा, वारसनोंद करावी तरी दाखला हवा.

तेव्हा आपण काय करावे? एक, तक्रार देताना नुसते 'हरवला' लिहू नये. डांबून ठेवल्याचा किंवा वेठीला धरल्याचा संशय असेल तर तो स्पष्ट शब्दांत लिहावा. दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. नव्या नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १७३ तसे सांगते. दोन, डांबल्याचा आधार असेल तर उच्च न्यायालयात बंदी प्रत्यक्षीकरणाचा अर्ज करता येतो. तीन, २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार विवाहिताचा वनपट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे असतो. बायकोचे नाव चढले आहे की नाही, हे आजच पाहून घ्यावे.

आणि चौथे काम शिक्षक-विद्यार्थ्यांचे. पोरे शाळेतून गळू लागली की कोणती घरे निघाली हे सर्वांआधी गुरुजींना कळते. त्याच दिवशी एका वहीत लिहावे : कोण गेले, कोणत्या मुकादमाबरोबर, कुठे, किती उचल घेऊन. ही वही ग्रामसभेपुढे वाचावी. पावसाळ्यात तिच्यावरूनच हजेरी घ्यावी. ज्याचे नाव पुकारल्यावर उत्तर येणार नाही, त्याचा शोध त्याच दिवशी सुरू झाला पाहिजे.