हवा अधिक, पेट्रोल उणे

माझा एक जुना विद्यार्थी सध्या अमेरिकेत मिशिगन राज्यात राहतो. तेथे त्याने हौसेखातर १९९० सालचा एक शेव्हरोलेट पिकअप ट्रक विकत घेतला आणि सुटीच्या दिवसांत त्याच्या इंजिनात फेरफार आरंभले. मूळ कॅमशाफ्ट काढून झडपा अधिक वेळ उघड्या ठेवणारा दुसरा बसविला. धूर बाहेर नेणाऱ्या ओतीव लोखंडी जोडाच्या जागी लांब नळ्यांचे हेडर लावले. इंजिनाचा आवाज भरदार झाला खरा, पण चढावर ट्रक आचके देऊ लागला. त्याने मला लिहिले, "सर, कॉम्प्युटर म्हणतो मिश्रण लीन आहे, आणि धुराला मात्र कच्च्या पेट्रोलचा वास येतो. यांतले खरे कोणते मानू?" प्रश्न मोठा मार्मिक आहे. आजचे भाषण त्याच्या उत्तरासाठीच.

आधी मिश्रणाचा हिशेब पाहू. एक किलोग्रॅम पेट्रोल पूर्णपणे जळण्यास सुमारे १४.७ किलोग्रॅम हवा लागते. आपण पेट्रोल लिटरने घेतो, म्हणून दुसऱ्या तऱ्हेने सांगतो: एका लिटरमागे इंजिन जवळजवळ नऊ हजार लिटर हवा ओढून घेते. हवा याहून अधिक झाली की मिश्रण विरळ झाले म्हणावयाचे. गॅरेजमधले मिस्त्री त्यालाच 'लीन' म्हणतात, आणि पेट्रोल अधिक झाले की 'रिच'. (आपल्या रस्त्यांवरचे मालट्रक बहुतेक डिझेलचे. डिझेल इंजिनात हवा नेहमीच जादा असते आणि त्यात काही बिघडत नाही. ही कथा पेट्रोल इंजिनाची आहे.)

विरळ मिश्रण सावकाश जळते. दट्ट्या खाली जाऊन धुराची झडप उघडली तरी ज्योत विझलेली नसते, त्यामुळे झडपेच्या कडा भाजून निघतात. कधी ती ज्योत हवेची झडप उघडेपर्यंत रेंगाळते. मग आत येणारे मिश्रणच पेट घेते आणि इंजिनाच्या वरच्या तोंडातून फटाका वाजतो. भर ओझे ओढताना धोका सर्वांत मोठा. त्या वेळी इंजिनाला मुद्दाम दाट मिश्रण, म्हणजे साडेबारा ते तेरा भाग हवेचे, द्यावे लागते. जादा पेट्रोलची वाफ होताना उष्णता शोषली जाते. तो गारवा नाहीसा झाला की सिलिंडरात ठोके पडू लागतात. सिलिंडरातील ज्योतीचे तापमान दोन हजार अंशांच्या वर आणि अल्युमिनियम वितळते ६६० अंशांवर, हे ध्यानात घेतले म्हणजे दट्ट्याला भोक पडण्यास फार वेळ का लागत नाही हे कळेल. घाटात अवजड गाडी मधेच बंद पडणे ही काही केवळ खर्चाची बाब नव्हे.

आता त्या ट्रकाची रचना. १९८७ ते १९९५ या काळातील त्या जातीच्या पिकअपमध्ये कारब्युरेटरच्या जागी दोन इंजेक्टर बसविलेले असत आणि ते किती वेळ उघडे ठेवावयाचे हे एक लहान कॉम्प्युटर ठरवी. हा कॉम्प्युटर आत येणारी हवा मोजत नाही, ती तो अदमासाने ओळखतो. मॅनिफोल्डमधील दाब, इंजिनाचे फेरे आणि तापमान ही माहिती घेऊन तो आपल्या स्मरणातील कोष्टकात पाहतो आणि त्याप्रमाणे पेट्रोल सोडतो. हे कोष्टक कारखान्यातून निघालेल्या इंजिनासाठी लिहिलेले. इंजिन बदलले, कोष्टक मात्र तेच राहिले. मोठ्या कॅमशाफ्टमुळे वरच्या फेऱ्यांत इंजिन कोष्टकातल्यापेक्षा अधिक हवा घेते, म्हणून तेथे मिश्रण खरोखरच विरळ होते.

उभ्या गाडीत नेमके उलटे घडते. नव्या कॅममुळे दोन्ही झडपा काही काळ एकदम उघड्या राहतात, सक्शन कमी पडते, आणि कॉम्प्युटरला वाटते की इंजिनावर ओझे आले. तो पेट्रोल वाढवितो. मग त्याला मिश्रण लीन का वाटावे?

याचे कारण असे, की धुराच्या वाटेवर बसविलेला सेन्सर पेट्रोल ओळखतच नाही. त्याला कळतो फक्त प्राणवायू. एखाद्या सिलिंडरात मिश्रण पेटलेच नाही, तर पेट्रोलही तसेच बाहेर येते आणि हवाही. नाकाला पेट्रोल कळते, सेन्सरला हवा. दोघेही आपापल्या परीने खरेच सांगतात. हेडरच्या जोडातून गळती असेल तर आणखी घोटाळा. धूर अखंड वाहत नाही, तो धक्क्याधक्क्याने जातो, आणि दोन धक्क्यांच्या मधे त्या फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सर तिलाही मोजतो. कॉम्प्युटर बिचारा विश्वासाने पेट्रोल वाढवीत जातो. शिवाय हा सेन्सर सुमारे तीनशे अंशांपर्यंत तापल्याशिवाय नीट काम करीत नाही, आणि लांब हेडरमध्ये तो सिलिंडरपासून दूर गेल्यामुळे गाडी उभी असता थंड पडतो. तेथे आतून विजेने तापणारा सेन्सर बसविणे भाग असते.

माझ्या विद्यार्थ्याने या गोष्टी न तपासता प्रथम पेट्रोलचा दाब वाढविला होता. वास अधिक येऊ लागला, प्लग काळे पडले आणि दोनशे डॉलर गेले! लीन म्हटले की पेट्रोल वाढवावे, हा मोह फार स्वाभाविक आहे. शाळेत गणित चुकले की मुले शेवटच्या पायरीवरचा आकडा खोडून नवा लिहितात, त्यातलाच हा प्रकार.

मी त्याला उलट्या क्रमाने जावयास सांगितले. इंजिन थंड असताना धुराच्या नळीच्या शेवटी व्हॅक्यूम क्लीनरची फुंकणारी बाजू लावावयाची आणि हेडरच्या जोडांवर साबणाचे पाणी टाकावयाचे. दोन ठिकाणी बुडबुडे आले. हेडरचे बोल्ट तापून-निवून ढिले होतात. पॅकिंग बदलून ते आवळले, चार दिवसांनी पुन्हा आवळले. पुढे वरच्या बाजूचे सक्शन पाहिले. तेथे रबरी नळीला एक चीर होती. (अशी गळती शोधण्यासाठी काही जण तापलेल्या इंजिनावर पेट्रोल किंवा ज्वालाग्राही फवारा मारतात. तसे कोणी करू नये. धूर सोडणारे साधे यंत्र मिळते.) त्या कॉम्प्युटरमध्ये दुरुस्तीचा एक आकडा असतो. तो १२८ असेल तर दुरुस्ती शून्य, वर गेला तर पेट्रोल वाढविले जात आहे. आधी तो १५० च्या पुढे होता. गळत्या बंद केल्यावर आणि वाढविलेला दाब पूर्ववत केल्यावर सपाट रस्त्यावर तो १३० वर आला.

राहिला चढाव. पेडल पूर्ण दाबले की कॉम्प्युटर सेन्सरचे ऐकणे सोडून देतो आणि केवळ कोष्टकावर चालतो, म्हणजे जेथे चूक महाग पडते तेथेच दुरुस्ती बंद. त्यासाठी प्रमाण प्रत्यक्ष आकड्यात दाखविणारा स्वतंत्र 'वाइडबँड' सेन्सर लागतो. त्याने चढावर १४.२ दाखविले. आता पेट्रोलचा दाब गाडी ओझ्याखाली चालू असताना मोजला. या इंजिनात तो प्रतिचौरस इंची ९ ते १३ पौंड असावयास हवा. उभ्या गाडीत तो १२ होता, चढावर ७ वर घसरे. फिल्टर तुंबलेला होता! तो बदलल्यावर दाब स्थिर राहिला आणि प्रमाण १३.६ झाले. उरलेली उणीव खरी, म्हणजे कोष्टकाची. ती दाब वाढवूनही भरता येते, पण तेथे वर्गमुळाचा नियम आहे: पेट्रोल दहा टक्के वाढविण्यास दाब एकवीस टक्के वाढवावा लागतो, आणि तो सगळीकडेच वाढतो, जेथे नको तेथेही. म्हणून त्याने चिपमधील कोष्टक, केवळ वरच्या फेऱ्यांपुरते, आठ टक्क्यांनी वाढवून घेतले. चढावर आता साडेबारा दिसते.

आपल्याकडे मोटर वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वये गाडीच्या मूळ रचनेत मनास येईल तसे बदल करता येत नाहीत, त्यामुळे अशी हौस थोड्यांनाच परवडेल. पण विरळ मिश्रण आपल्या दारी दुसऱ्या वाटेने आले आहे. २०२५ पासून आपल्याकडील पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असते. इथेनॉलला जळण्यास नऊ भागच हवा पुरते, म्हणून या मिश्रणाचा योग्य हिशेब १४.७ नसून सुमारे साडेतेरा आहे. नव्या गाड्या सेन्सरच्या साहाय्याने हे सांभाळून घेतात. जुन्या कारब्युरेटरच्या जीपला सेन्सर नाही. तिचे मिश्रण सात-आठ टक्क्यांनी विरळ होते. तितकी भरपाई करण्यास मुख्य जेटचे भोक व्यासाने चार टक्के मोठे पुरते, कारण प्रवाह क्षेत्रफळाप्रमाणे वाढतो. जेट मिस्त्रीकडून मोजून घ्यावा, तारेने खरवडून मोठा करू नये. आणि त्याच वेळी पेट्रोलच्या रबरी नळ्याही पाहून घ्याव्यात. जुने रबर इथेनॉलने फुगते, चिरते, आणि तेथून गळलेले पेट्रोल थेट तापलेल्या नळीवर पडते.