'ईओन' आणि 'यवन' : एक व्युत्पत्तिविचार

बखरवाङ्मयात 'यवन' हा शब्द मुसलमान या अर्थी येतो. धडगाव येथे अध्यापन करताना असे आढळले की, विद्यार्थी हाच त्याचा मूळ अर्थ समजतात. वस्तुतः हा शब्द ग्रीकांच्या एका जनसमूहाचे नाव असून, त्या समूहाचा आद्यपुरुष म्हणून ग्रीक पुराणकथा ईओन या वीराचा निर्देश करते.

ईओन हा अपोलो व क्रेऊसा यांचा पुत्र. इ.स.पू. ५व्या शतकातील नाटककार युरिपिडीस याने हे नाव 'जाणे' या अर्थाच्या धातूशी जोडले आहे. परंतु ही लोकव्युत्पत्ती होय. होमरच्या 'इलियड'मध्ये या समूहाचे नाव 'इआओनेस' असे आढळते; त्याचे पूर्वरूप 'इआवोनेस'. तेव्हा पुरुषनामावरून समूहनाम नव्हे, तर समूहनामावरूनच पुरुषनाम सिद्ध झाले असावे. ग्रीकात लोपलेला 'व' संस्कृत 'यवन' या रूपात मात्र टिकून राहिला.

महाराष्ट्रातील कार्ले, जुन्नर व नाशिक येथील लेण्यांत यवन दात्यांचे दानलेख आहेत. नाशिकच्या लेखातील 'योणक' इंद्राग्निदत्त हा धम्मदेवाचा पुत्र. पितापुत्रांची नावे भारतीय, दान बौद्ध संघास, तरीही ओळख यवन अशीच. पुढे वायव्येकडून आलेल्या परकीयांना आणि कालांतराने मुसलमानांना हाच शब्द लावला गेला.

म्हणून संहितेचा काळ निश्चित केल्यावाचून 'यवन' शब्दाचा अर्थ सांगणे धाडसाचे ठरते. लेण्यांतील यवन बौद्ध उपासक आहे. बखरीतील यवन निराळा.