घशातली चामखीळ

भूल देणाऱ्या माणसाला पेशंटचा श्वास आधी ऐकू येतो, चेहरा नंतर दिसतो. त्या सकाळी पाच वर्षांची एक मुलगी आईच्या कडेवर थिएटरच्या दाराशी आली, तेव्हा मी पाठमोरी औषधं भरत होते. श्वास आत घेताना शीळ घातल्यासारखा बारीक आवाज येत होता. वळून पाहिलं तर प्रत्येक श्वासाला तिच्या गळ्याखालचा खळगा आत ओढला जात होता. मी नाव विचारलं. ओठ हलले, पण आली ती नुसती कुजबुज.

"दीड वर्ष झालं मॅडम, आवाज बसलाय," आई म्हणाली. "रडूनरडून बसला असेल म्हणायचे सगळे. ज्येष्ठमध दिलं, हळद-दूध दिलं. मग दमा आहे म्हणून पंप दिला. त्यानं काहीच फरक नाही."

दम्याची सूंसूं बहुधा श्वास सोडताना ऐकू येते. हिची शीळ श्वास घेताना होती. शिवाय दम्यानं आवाज महिनोन्‌महिने बसत नाही. अडथळा फुप्फुसात नव्हता, वर स्वरयंत्रात होता.

स्वरयंत्राच्या ऑपरेशनात सर्जनला आणि मला एकच वाट हवी असते, आणि तीही अरुंद. पाच वर्षांच्या मुलाच्या श्वासनलिकेत घालायची नळी जेमतेम ५ मिलिमीटरची. वाटेचा व्यास निम्मा झाला, तर हवेला होणारा विरोध १६ पट वाढतो. म्हणून मी तिला मास्कमधून वायू देत हळूहळू झोपवलं आणि श्वास तिचा तिलाच घेऊ दिला. स्नायू सैल करणारं औषध दिलं असतं, तर त्या सैल घशात अडथळ्यानं वाटच बुजवली असती. सर्जननं दुर्बीण लावली आणि पडद्यावर चित्र उमटलं.

निरोगी स्वरतंतू मोत्यासारखे पांढरे असतात, दोन चकचकीत पट्ट्या. इथे त्या दिसतच नव्हत्या. त्यांच्या जागी गुलाबी, दाणेदार झुबके होते, महाबळेश्वरच्या तुतींसारखे. प्रत्येक दाण्याच्या टोकाला एक लाल ठिपका. श्वास घेतला की झुबके आत ओढले जात, सोडला की बाहेर फेकले जात. मधे हवेसाठी उरली होती ती तांदळाच्या दाण्याएवढी काळी फट.

या गाठींना आम्ही पॅपिलोमा म्हणतो. साध्या मराठीत ही घशातली चामखीळच. हाताच्या चामखिळीसारखीच हीही ह्युमन पॅपिलोमा व्हायरसची, म्हणजे एचपीव्हीची करणी; फक्त प्रकार वेगळे, ६ आणि ११ नंबरचे. १९८२ साली जर्मनीत हाराल्ड त्सुर हाउझन यांच्या गटानं घशातल्या अशाच गाठीतून ११ नंबरचा विषाणू वेगळा केला. एचपीव्ही आणि गर्भाशयमुखाचा कॅन्सर यांचं नातं शोधल्याबद्दल त्यांना २००८ साली नोबेल मिळालं.

हा विषाणू अगदी लहान. व्यास साधारण ५५ नॅनोमीटर, जनुकीय मजकूर जेमतेम ८,००० अक्षरांचा. स्वतःच्या प्रती काढायची यंत्रणा त्याच्याजवळ नाही. अस्तराला कुठे बारीक खरचटलेलं असलं की तो तळच्या थरातल्या पेशीत शिरतो. हा तळचा थर म्हणजे अस्तराची रोपवाटिका. तिथे पेशी जन्मतात, वर सरकतात, विभागणी थांबवतात, चपट्या होतात आणि शेवटी झडून जातात. पण विभागणी थांबली की प्रती काढायची यंत्रणाही बंद पडते. विषाणूला ते परवडत नाही. म्हणून त्याचं ई-७ नावाचं प्रथिन पेशीचा ब्रेक लागूच देत नाही. वर सरकलेली पेशीही थांबायचं विसरते.

पेशी वाढत राहतात, वेळेवर पिकून झडत नाहीत. अस्तर जाड होतं, पसरायला जागा नसते, मग ते घड्या घालत बोटांसारखं वर येतं. प्रत्येक बोटाला पोसायला आतून एक बारीक रक्तवाहिनी जाते. पडद्यावर दिसलेला लाल ठिपका तिचाच. पुढे पॅथॉलॉजिस्टनं काचपट्टीवर हेच दाखवलं: मधे रक्तवाहिनीचा दांडा, भोवती पेशींचे थरावर थर आणि वरच्या थरात मनुक्यासारखं सुरकुतलेलं केंद्रक, त्याभोवती रिकामं वलय. नवे विषाणू तयार होतात ते याच वरच्या, झडण्याच्या बेतात असलेल्या पेशींत. रक्तात तो उतरतच नाही, त्यामुळे शरीराच्या पहारेकऱ्यांना त्याची चाहूल फारशी लागत नाही.

६ आणि ११ हे प्रकार पेशीला सहसा कॅन्सरकडे नेत नाहीत. म्हणून रिपोर्टवर "साधी गाठ" असं येतं आणि घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात. मला मात्र हा "साधी" शब्द खटकतो. पाठीवर असती तर साधीच होती. श्वासाच्या वाटेवर आलेली कुठलीच गाठ साधी नसते.

सर्जनच्या हातात मायक्रोडिब्रायडर होता: पोकळ नळी, टोकाशी फिरतं पातं, आतून ओढ. झुबके एकेक करून आत खेचले जात होते. डावीकडची पांढरी कड उघडी पडली, मग उजवीकडची. शिळेचा आवाज विरला. समोर, जिथे दोन्ही स्वरतंतू जुळतात, तिथे मात्र सर्जननं हात आखडता घेतला. एका बाजूचं थोडं मुद्दाम राहू दिलं. दोन्ही बाजू सोलल्या तर जखमा एकमेकींना चिकटू शकतात आणि आवाज कायमचा बिघडू शकतो.

पण न काढलेल्या त्या तुकड्यापेक्षा मोठी अडचण डोळ्यांना दिसतच नाही. आजूबाजूच्या निरोगी दिसणाऱ्या अस्तरातही विषाणूचा मजकूर निपचित पडून असतो. पातं त्याला कापू शकत नाही. ही मुलगी तीन महिन्यांनी परत आली, मग पुन्हा चार महिन्यांनी. काही मुलांना बालपणभर अशी ऑपरेशनं लागतात. गाठींची रक्तवाहिन्यांची रसद तोडणारं बेव्हासिझुमॅब हे औषध काहींना चांगलं लागू पडतं. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेत खास या आजारासाठी एका वेगळ्या औषधाला पहिली मंजुरी मिळाली, तीही प्रौढांपुरती.

दुसऱ्या ऑपरेशननंतर आईनं मला बाजूला घेऊन विचारलं, "माझ्यामुळे झालं का हो?" लहान मुलांत हा विषाणू बहुतेकदा प्रसूतीच्या वाटेत आईकडून येतो, हे तिनं कुठेतरी ऐकलं होतं. मी तिला सांगितलं तेच इथे लिहिते. एचपीव्ही हा अत्यंत सर्रास आढळणारा विषाणू आहे; बहुतेकांना आयुष्यात कधी ना कधी तो होतो आणि कळायच्या आत निघूनही जातो. ज्या आयांना तो असतो, त्यांच्याही फारच थोड्या बाळांना हा आजार होतो. केवळ तो टाळायला सिझेरियन करा, असा सल्लाही दिला जात नाही. यात आईचा दोष शोधू नये.

शोधायचाच तर उपाय शोधावा, आणि तो आपल्या हाताशी आहे. ऑस्ट्रेलियानं २००७ पासून मुलींना आणि २०१३ पासून मुलांनाही ६, ११ आणि कॅन्सर करणारे १६, १८ या चार प्रकारांवरची लस सरकारी खर्चानं दिली. तिथे मुलांमधला हा आजार २०१२ साली लाखात ०.१६ होता, २०१६ साली ०.०२ वर आला. या चारही प्रकारांवरची सर्व्हाव्हॅक ही लस पुण्यात सीरम इन्स्टिट्यूटनं तयार केली आणि २०२२ साली तिला भारतात परवानगी मिळाली. आज टोचून घेणारी मुलगी उद्या आई होईल, तेव्हा तिच्या बाळाचा घसाही राखला जाईल.

तेव्हा दोनच गोष्टी सांगते. मुलाचा आवाज महिनाभर बसलेलाच असेल, तर काढ्यांवर आणि पंपांवर वेळ घालवू नका. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून दुर्बिणीनं स्वरयंत्र पाहून घ्या. आणि घरातल्या मुलांना एचपीव्हीची लस देताना एक प्रश्न जरूर विचारा: हिच्यात ६ आणि ११ आहेत का? फक्त १६ आणि १८ असलेली लस कॅन्सर टाळते, पण ही चामखीळ टाळत नाही.