छोटा कॅमेरा ड्रोन : हुनर, हिशेब आणि हिफाजत

१० ऑगस्ट २०२१ च्या रात्री यवतमाळ जिल्ह्यातील फुलसावंगी येथे शेख इस्माईल या २४ वर्षांच्या तरुणाचा मृत्यू झाला. फुलसावंगी महागाव तालुक्यातले, म्हणजे आपल्या उमरखेडच्या शेजारचेच. इस्माईल आठवीपर्यंत शिकलेला, वेल्डिंग आणि पत्र्याचे काम करणारा. मारुती ८०० गाडीचे इंजिन बसवून त्याने एका माणसाचे हेलिकॉप्टर तयार केले होते. त्यासाठी तो सुमारे दोन वर्षे खपला. चाचणी सुरू असताना मागच्या पंख्याचे पाते तुटले, ते मुख्य पंख्यावर आदळले आणि आत बसलेल्या इस्माईलला जबर मार लागला. डोक्यावर हेल्मेट नव्हते, असे तेव्हाच्या बातम्यांत आले होते. अल्लाह मरहूमची मगफिरत करो.

‘थ्री इडियट्स’ चित्रपट पाहून त्याला ही प्रेरणा मिळाली, असेही त्या बातम्यांत होते. २००९ च्या त्या चित्रपटात वसतिगृहाच्या खिडकीपर्यंत उडत जाणारा चार पंख्यांचा कॅमेरा ड्रोन पुष्कळांना आठवत असेल. तो ड्रोन आयआयटी मुंबईत शिकलेल्या तरुणांच्या आयडियाफोर्ज या कंपनीचा होता. ही कंपनी २००७ मध्ये सुरू झाली. डीआरडीओसोबत तिने ‘नेत्र’ नावाचा ड्रोन तयार केला, आणि २०१३ च्या उत्तराखंड महापुरात अडकलेल्या माणसांचा शोध घ्यायला तो वापरला गेला. आज नवी मुंबईतील ही कंपनी शेअर बाजारात आहे.

आमच्या मते फुलसावंगीच्या तरुणात आणि त्या विद्यार्थ्यांत हुनर कमी-जास्त असण्याचा प्रश्न नव्हता. त्यांच्याकडे प्रयोगशाळा होती, विचारायला शिक्षक होते आणि यंत्र मोडले तरी माणूस वाचेल अशी चाचणीची जागा होती. ही तिसरी गोष्ट आपण आपल्या मुलांना घरी, गावातही देऊ शकतो. उडणाऱ्या यंत्राचे वेड असलेल्या मुलाला त्यात बसून उडण्याची गरज नाही. हातात मावणारा कॅमेरा ड्रोन बनवताना तो तेच शास्त्र शिकतो आणि स्वतः जमिनीवर राहतो.

चार पंखेच का?

हेलिकॉप्टरचा मोठा पंखा एका दिशेने फिरला की खालचा सांगाडा उलट दिशेने फिरू पाहतो. त्याला आवरण्यासाठी शेपटीचा छोटा पंखा लागतो. ड्रोनला शेपूट नसते. त्याचे समोरासमोरच्या कोपऱ्यांतले दोन पंखे घड्याळाच्या दिशेने आणि उरलेले दोन उलट दिशेने फिरतात, त्यामुळे ओढ आपसांत फिटते. पुढे जायचे तर मागचे पंखे जोरात फिरतात, आणि जागेवर वळायचे तर एका जोडीचा वेग वाढतो. हे सगळे सेकंदाला शेकडो वेळा फ्लाइट कंट्रोलर नावाचा छोटा सर्किट बोर्ड ठरवतो. यंत्र किती कलले आणि किती वेगाने फिरते, हे त्यावरचे सेन्सर सतत मोजत असतात.

आधी वजनाचा हिशेब

सामान मागवण्यापूर्वी कागद-पेन्सिल घ्यावी. समजा, कार्बन फायबरची फ्रेम, चार मोटारी, त्यांचा वेग सांभाळणारे ईएससी, कंट्रोलर, रिसीव्हर, कॅमेरा आणि बॅटरी मिळून ६०० ग्रॅम भरतात. पूर्ण जोरावर पंख्यांनी किमान दुप्पट, म्हणजे १२०० ग्रॅम उचलले पाहिजे. चार मोटारींत वाटले तर प्रत्येकी ३०० ग्रॅम. ही किमान गरज झाली. वारा आला तर सावरायला याहून जास्त जोर हाताशी असावा. फ्रेमचे माप एका मोटारीपासून समोरच्या कोपऱ्यातील मोटारीपर्यंत मोजतात. २५० मिलिमीटरच्या फ्रेमवर साधारण ५ इंची पंखे बसतात.

आता बॅटरी. चार सेलची १५०० एमएएच बॅटरी म्हणजे १४.८ व्होल्ट गुणिले १.५, म्हणजे २२.२ वॅट-तास. त्यातले ८० टक्केच वापरायचे, म्हणजे सुमारे १७.८. हवेत तरंगताना १२० वॅट लागत असतील तर उड्डाण जेमतेम ९ मिनिटांचे. मोठी बॅटरी लावली की वजन वाढते आणि तरंगायलाच जास्त वीज लागते. दुप्पट बॅटरीने वेळ दुप्पट होत नाही, हे मुलाने स्वतः हिशेब करून पाहावे. नववी-दहावीच्या विज्ञानाचा याहून चांगला सराव सापडणार नाही.

कॅमेऱ्याचे दुखणे वेगळेच. मोटारींची थरथर कॅमेऱ्यापर्यंत पोहोचली की चित्र जेलीसारखे हलते. म्हणून पंखे समतोल असावेत, टवका उडालेला पंखा लगेच बदलावा आणि कॅमेरा मऊ रबरी गाद्यांवर बसवावा.

चार सवयी, ज्यांत सूट नाही

पहिली : टेबलावर मोटार तपासताना पंखे काढून ठेवावेत. पूर्ण जोरावर हे पंखे मिनिटाला वीस हजारांहून जास्त फेरे घेतात. लहान असले तरी ते बोट कापतात, डोळा फोडू शकतात.

दुसरी : लिथियम पॉलिमर बॅटरी नजरेसमोरच, तिच्यासाठीच्या बॅलन्स चार्जरवर आणि फरशीवर चार्ज करावी. गादीवर नको, रात्री झोपताना नको. एका सेलचा दाब ४.२ व्होल्टच्या वर आणि ३.३ च्या खाली जाऊ देऊ नये. ठेवून द्यायची असेल तर ३.८ च्या आसपास ठेवावी. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरू नये.

तिसरी : रिमोटचा संपर्क तुटला तर यंत्राने काय करावे, ही ‘फेलसेफ’ची सोय पंखे लावण्याआधी रिमोट बंद करून तपासावी.

चौथी : पहिले उड्डाण पीक निघालेल्या रिकाम्या शेतात, कमरेच्या उंचीवर, डोळ्यांना चष्मा लावून आणि कोणीतरी मोठे माणूस सोबत असताना करावे. बघ्यांची गर्दी नको. व्हिडिओ नंतरही काढता येईल.

कायदा काय म्हणतो?

ऑगस्ट २०२१ मध्येच देशाचे नवे ड्रोन नियम आले. २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन नॅनो, त्यापुढे २ किलोपर्यंतचा मायक्रो. नॅनोसाठी आणि कमाईसाठी न वापरलेल्या मायक्रोसाठी पायलटचे प्रमाणपत्र लागत नाही. मात्र लग्नाच्या शूटिंगचे पैसे घेऊन मायक्रो ड्रोन उडवला तर ते लागते. त्यासाठी वय किमान १८, शिक्षण दहावी आणि मान्यताप्राप्त संस्थेचे प्रशिक्षण हवे. शिकण्यासाठी किंवा छंदासाठी, नजरेच्या टप्प्यात उडवायच्या मॉडेलला टाइप सर्टिफिकेट लागत नाही. पण २५० ग्रॅमहून जड, घरी बनवलेला ड्रोन धंद्यात उतरवायचा तर ते लागते. हा फरक न समजल्याने तरुणांची मेहनत आणि पैसा वाया जाऊ शकतो. नियम बदलत असतात. उडवण्याच्या दिवशी डिजिटल स्कायच्या नकाशावर आपली जागा पाहून घ्यावी. हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. पैनगंगा अभयारण्यात वन विभागाच्या परवानगीशिवाय ड्रोन नेऊ नये.

कायद्याइतकीच शेजाऱ्याची आब सांभाळायची आहे. कोणाच्या घरात डोकावू नये, लोकांच्या दोषांचा पाठलाग करू नये, ही आपल्या दीनची शिकवण आहे आणि ती ड्रोनच्या कॅमेऱ्यालाही लागू आहे. कोणाचे अंगण, गच्ची किंवा घरातल्या स्त्रिया न विचारता टिपू नयेत. मोहल्ल्यावरून उडवायचेच असेल तर आधी घरोघरी सांगावे.

घरातल्या मोठ्यांसाठी

हे नुसते खेळणे नाही. २०२२ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात निवडक आयटीआयमध्ये ड्रोनचे अभ्यासक्रम सुरू करण्याची घोषणा झाली. नोव्हेंबर २०२३ मध्ये १५ हजार महिला बचत गटांना फवारणीचे ड्रोन देण्याची योजना मंजूर झाली. कापूस, सोयाबीन आणि हळदीच्या आपल्या भागात ड्रोन चालवणारे आणि दुरुस्त करणारे हात लागणार आहेत. ते हात आपल्या मुलींचेही असू शकतात.

म्हणून मुलगा जुनी मोटार खोलून बसला तर अब्बांनी “काय हा पसारा?” म्हणण्याआधी एकदा शेजारी बसावे. वजन लिहिलेस का, पंखे काढलेस का, बॅटरी कुठे ठेवलीस, असे विचारावे. अम्मीने विचारले तरी चालेल. गावातल्या विज्ञानाच्या शिक्षकांनी, वायरमनने, मोबाइल दुरुस्त करणाऱ्याने आठवड्यातून एक तास दिला तरी मुलांना वर्कशॉप मिळेल. तयार ड्रोनच्या आयातीवर फेब्रुवारी २०२२ पासून बंदी आहे, सुटे भाग मात्र आणता येतात. म्हणजे जोडणाऱ्या हातांना संधी आहे. त्या हातांना पाठबळ द्यावे आणि सावधपणाही शिकवावा. ही जबाबदारी आपणा मोठ्यांची आहे.