रानातला वर्ग

लहान मुलांना निसर्ग दाखवायचा म्हटले की आपल्याकडे सहल निघते. गाडी ठरते, डबे भरले जातात, मुले एखादे अभयारण्य पाहून संध्याकाळी दमून परत येतात. आनंदासाठी सहल जरूर असावी. पण विज्ञान शिकण्याचे साधन म्हणून ती अपुरी आहे. निसर्गातील बहुतेक गोष्टी सावकाश घडतात. एकदाच पाहणाऱ्याला वस्तू दिसतात, घडणे दिसत नाही. म्हणून पहिली ते चौथीच्या मुलांसाठी रानातला वर्ग घ्यायचा असेल, तर त्याचा पहिला नियम असा : जागा एकच, जवळची, आणि तिथे जाणे पुन्हा पुन्हा.

ही कल्पना नवी नाही. डेन्मार्कमध्ये १९५०च्या दशकात एला फ्लाटाऊ यांनी लहान मुलांना नेमाने जंगलात नेण्यास सुरुवात केली आणि पुढे तेथे जंगलातल्या बालवाड्या रुजल्या. १९९३ साली इंग्लंडमधील ब्रिजवॉटर कॉलेजातील बालशिक्षणाचे विद्यार्थी व अध्यापक डेन्मार्कला गेले. तेथील उघड्यावरच्या बालवाड्या पाहून आल्यावर त्यांनी 'फॉरेस्ट स्कूल' सुरू केले. वर्षभर त्याच रानात नेमाने जायचे आणि काय करायचे ते बऱ्याच अंशी मुलांनी ठरवायचे, हे त्याचे सूत्र. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या परिसरात कुरणशाळा चालवली. गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांना शाळेत येणे जमत नव्हते, म्हणून शाळाच कुरणात गेली. दोन्हींचे हेतू वेगळे होते. पण मूल जिथे रमते तिथे शिक्षण न्यावे, हा विचार समान होता.

एकाच जागी पुन्हा पुन्हा का जायचे? सात ते अकरा वर्षांचे मूल मुख्यतः हाताळलेल्या, पाहिलेल्या वस्तूंच्या आधाराने विचार करते, असे पियाजे यांनी मांडले. 'ऋतुबदल' हा शब्द त्याला पाठ होतो. पण बदल कळायला त्याच झाडाची आधीची अवस्था त्याच्या आठवणीत असावी लागते.

सागाचेच उदाहरण घेऊ. जूनमध्ये त्याचे कोवळे पान तळहातावर चोळले तर हात लाल होतो. भर पावसात झाडाच्या शेंड्यावर पांढुरक्या फुलांचे मोठे तुरे येतात. पावसाळा सरता सरता काही पानांची नुसती जाळी उरते, कारण एका पतंगाच्या अळ्या शिरा सोडून मधला हिरवा भाग खातात. हिवाळ्यात फळे पडतात आणि मार्चपर्यंत झाड बहुधा उघडेबोडके होते. महिन्यातून दोनदा त्याच सागाखाली बसणाऱ्या मुलांना हे सांगावे लागत नाही. उलट तीच विचारतात, "बाई, पाने गळल्यावर झाड जेवते कसे?" हा प्रश्न अन्ननिर्मितीच्या धड्याचा खरा आरंभ होय.

आता एक प्रयोग पाहू. परिसरशास्त्रज्ञ पालापाचोळा कुजण्याचा वेग मोजण्यासाठी जाळीच्या पिशव्या वापरतात. आपल्यालाही ते जमेल. कांदे-लिंबांच्या जाळीच्या काही पिशव्या आणि मच्छरदाणीच्या कापडाच्या तितक्याच पिशव्या घ्या. सावलीत वाळवलेली सागाची पाने काही पिशव्यांत व गिरिपुष्पाची पाने बाकीच्यांत, सारख्या वजनाची भरा. खुणेच्या चिठ्ठ्या बांधून पावसाळ्याच्या आरंभी पिशव्या झाडाखालच्या पाचोळ्यात दडपून ठेवा. दर महिन्याला प्रत्येक प्रकारची एक पिशवी उघडून, माती झटकून, पाने वाळवून पुन्हा तोला.

गिरिपुष्पाची पाने झपाट्याने कमी होतात, सागाची रेंगाळतात. मऊ पानांत नायट्रोजन जास्त असतो, त्यामुळे बुरशी व जीवाणूंना ती लवकर पचतात. राठ पानांतील लिग्निन फोडणे कठीण असते. मग दुसरा प्रश्न येतो : मोठ्या भोकांच्या आणि बारीक भोकांच्या पिशवीत फरक पडतो का? बारीक जाळीतून गांडूळ आणि वाणी आत जाऊ शकत नाहीत, सूक्ष्मजीव जातात. म्हणजे पाने कोणी संपवली, याचा तपास मुले तराजूच्या साहाय्याने करतात. वाणी आणि गोम यांतला भेदही येथेच कळतो. गोमेच्या बहुतेक वलयांना पायांची एकेक जोडी असते, वाणीच्या बहुतेक वलयांना दोन दोन. गोम चावते, म्हणून हे मोजणे दुरूनच करायचे.

शिक्षकांची मुख्य अडचण भीतीची असते, आणि ती रास्त आहे. नाग, मण्यार, घोणस व फुरसे हे विषारी साप मानवी वस्तीजवळही आढळतात. म्हणून जागा आधी स्वतः पाहून घ्यावी. बिळात, दगडाखाली वा लाकडाच्या ढिगात हात घालायचा नाही. पाचोळा उकरायचा तो काठीने. पायांत बूट हवेत. आग्या मोहोळ असलेले झाड टाळावे. खाजकुयली, बिब्बा आणि रुईचा चीक मुलांना पहिल्याच दिवशी ओळखायला शिकवावा. जवळच्या कोणत्या दवाखान्यात सर्पदंशावरील प्रतिविष मिळते, हे आधीच विचारून ठेवावे. दंश झाल्यास चिरा देणे, चोखणे, दोरी आवळणे यांतले काहीही न करता मुलाला हालचाल करू न देता तेथे न्यावे. दर दहा मुलांमागे एक मोठे माणूस असले तर बरे, पालकांना बोलवावे.

दुसरी अडचण, "आम्हाला झाडांची नावे येत नाहीत." ती यावीच लागतात असे नाही. बहुतेक खेडेगावांतल्या वर्गात गुरांमागे जाणारे, आईबरोबर रानभाजी खुडणारे एखादे मूल असतेच. वर्गात वाचनात मागे पडणारे तेच मूल रानात पुढे होते आणि गुरुजींना नाव सांगते. ते नाव वहीत लिहून घ्यावे, मूल कोणत्या खुणेवरून झाड ओळखते ते विचारावे आणि ती खूण सर्वांनी पडताळून पाहावी. निरीक्षण आणि पडताळा या दोन गोष्टी येथे आपोआप होतात. आपल्या घरचे ज्ञान शाळेतही ज्ञान ठरते, हे त्या मुलाला कळणे मला सर्वांत मोलाचे वाटते. ते कळले नाही तर शाळा आपली नव्हेच, अशी त्याची समजूत होत जाते.

तिसरी अडचण वेळेची. येथे चीनमधील ग्वांगझू शहरात झालेला एक अभ्यास उपयोगी पडेल. बारा प्राथमिक शाळांपैकी निम्म्या शाळांतील पहिलीच्या मुलांना शाळेच्या प्रत्येक दिवशी ४० मिनिटांचा जादा तास उघड्यावर दिला गेला. २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तीन वर्षांत या मुलांपैकी ३०.४ टक्के मुलांना लघुदृष्टिदोष जडला. इतर शाळांत हे प्रमाण ३९.५ टक्के होते. वर्गखोलीत प्रकाश काही शे लक्स असतो, झाडाच्या सावलीत काही हजार. प्रखर प्रकाशात दृष्टिपटलात डोपामीन अधिक स्रवते आणि नेत्रगोलाची लांबी वाढण्यास आळा बसतो, असा कयास आहे. हा अभ्यास रानाचा नव्हता, उघड्यावर घालवलेल्या वेळेचा होता. पण तो वेळ वाया जात नाही, एवढे त्यावरून नक्की म्हणता येते.

जंगल जवळ नसेल तर देवराई, ओढ्याकाठची झाडी, शाळेमागची आठ-दहा झाडेही चालतील. पंधरवड्यातून एक तास ठरवावा. प्रत्येक मुलाने आपले एक झाड निवडावे आणि दर वेळी वहीत तारीख, एक चित्र आणि एक प्रश्न, एवढेच लिहावे. एप्रिलमध्ये ती वही जूनच्या पानापासून उलटली की वर्षभर झाडात काय काय बदलले, हे मूल स्वतःच सांगू लागेल.