तबकडीतील स्वर

लेखनकलेमुळे मनुष्याचा शब्द टिकू लागला आणि चित्रकलेमुळे त्याचे रूप टिकू लागले. परंतु त्याच्या कंठातून निघालेला स्वर सहस्रावधी वर्षे क्षणभंगुरच राहिला. गायक गेला की त्याचे गाणेही जाई. मागे उरत ते केवळ ऐकणाऱ्यांच्या आठवणी. ही उणीव एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दूर झाली. १८७७ साली अमेरिकेत थॉमस एडिसन याने कथलाच्या पातळ पत्र्याने मढविलेल्या नळकांड्यावर मानवी आवाज कोरून तो पुन्हा ऐकवून दाखविला. पुढे दहा वर्षांनी, १८८७ साली, एमिल बर्लिनर याने नळकांड्याऐवजी सपाट तबकडी वापरली. एका साच्यावरून अशा तबकड्यांच्या हजारो प्रती काढता येत. त्यामुळे गाणे घरोघरी पोहोचण्याचा मार्ग मोकळा झाला.

तबकडीवर वरवर पाहता अनेक वर्तुळे दिसतात. वस्तुतः तो कडेपासून मध्याकडे जाणारा एकच लांबलचक चर असतो. स्वराच्या कंपनांप्रमाणे हा चर सूक्ष्म वळणे घेत जातो. तबकडी फिरू लागली की चरातील सुई त्या वळणांबरोबर थरथरते. तिची थरथर अभ्रकाच्या पातळ पडद्याला पोहोचते, पडदा हवेला हलवितो आणि कर्ण्यातून तोच स्वर मोठा होऊन बाहेर पडतो. चावीने गुंडाळलेली पोलादी कमान हेच जुन्या ग्रामोफोनचे सारे बळ. त्याला विजेची गरज नसे.

या तबकडीशी भारताचे नाते दुहेरी आहे. ती ज्या लाखेपासून बनत असे, ती लाख पळस, बोर, कुसुम अशा वृक्षांवर राहणाऱ्या चिमुकल्या किड्यांपासून मिळे व मोठ्या प्रमाणावर भारतातूनच परदेशी जाई. दुसरे नाते गाण्याचे. १९०२ साली फ्रेड गायस्बर्ग हा तंत्रज्ञ कलकत्त्यास आला व त्याने गोहरजान या गायिकेचे गाणे मुद्रित केले. तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत. तास-तासभर राग खुलविणाऱ्या कलावंतांना एवढ्या अवधीत रागाचे सार मांडावे लागे. कित्येक बुजुर्गांना हे रुचले नाही.

त्याचे मोल पुढील पिढ्यांना कळले. भास्करबुवा बखले यांच्या गायनाची थोरवी त्यांच्या शिष्यांनी मुक्तकंठाने सांगितली आहे. परंतु १९२२ साली बुवा निवर्तले आणि त्यांचा स्वर आज कोठेही ऐकावयास मिळत नाही. मिरजेस स्थायिक झालेले अब्दुल करीम खाँ १९३७ साली निधन पावले. मात्र त्यांची झिंझोटीतील ठुमरी अद्यापि ऐकता येते. एकाचे गाणे वर्णनातच उरले, दुसऱ्याचे कानांना लाभले. हे अंतर केवळ एका तबकडीचे आहे.

कालांतराने यंत्र बदलले. विजेवर फिरणारी तबकडीयंत्रे आली आणि १९४८ साली मिनिटाला सव्वातेहतीस नव्हे, तर नेमके तेहतीस व एक तृतीयांश फेरे घेणारी प्लॅस्टिकची दीर्घ तबकडी निघाली. तिच्या एका बाजूवर वीस मिनिटांहून अधिक गायन मावू लागले. पुढे फिती आल्या, मग लहान चकत्या आल्या, आणि आता तर गाणे खिशातील दूरध्वनीत सामावले आहे. तरीही जुनी यंत्रे सांभाळणारे रसिक ठिकठिकाणी आढळतात.

त्यांचे काम सोपे नाही. लाखेच्या तबकडीत दगडाची भुकटी मिसळलेली असते. ती पोलादी सुईला झिजवून चराच्या मापाची करते. म्हणून प्रत्येक बाजू वाजविल्यावर सुई बदलावयाची असते. झिजलेली सुई तीच पुन्हा वापरली तर चर खरवडला जातो. लाख मद्यार्कात विरघळते. तेव्हा अशी तबकडी स्पिरिटने पुसणे म्हणजे ती नष्ट करणे होय. तबकड्या एकीवर एक न रचता उभ्या ठेवाव्या लागतात. उन्हाने त्या वाकतात, पावसाळ्यातील दमटपणाने त्यांवर बुरशी चढते. यंत्रातील वंगण वाळते, रबरी पट्टा ताठरतो, आणि गुंडाळून ठेवलेली कमान थकते.

सर्वांत जपावी लागते ती गती. मिनिटाला ७८ फेऱ्यांऐवजी सुमारे ८३ फेरे झाले तर गायकाची पट्टी अर्ध्या स्वराने चढते. गती मंदावली तर ती उतरते. याची परीक्षा करण्यासाठी एक सोपी युक्ती आहे. भारतातील वीज सेकंदाला ५० आवर्तनांची असल्याने तिच्यावर लागणारा निऑनचा दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. ७७ रेषा आखलेली कागदी चकती तबकडीवर ठेवून या दिव्याखाली फिरविली आणि रेषा स्थिर भासल्या, तर गती योग्य समजावी. अगदी आरंभीच्या तबकड्या मात्र नेमक्या ७८च्या गतीने मुद्रित झालेल्या नसत. तेथे दिव्याचे चालत नाही. गायकाची पट्टी ओळखणारा कानच लागतो.

आज अनेक जुन्या मुद्रणांच्या प्रती संगणकावर उतरविल्या जात आहेत. परंतु अशी प्रत काढावयाची तरी आधी अभंग तबकडी हवी, योग्य सुई हवी आणि अचूक फिरणारे यंत्र हवे. ज्याने वर्षानुवर्षे धूळ पुसली, वंगण घातले, कमान जपली, त्याच्यामुळेच हे तिन्ही आज उपलब्ध होते. फुटलेली तबकडी पुन्हा सांधत नाही आणि गेलेला गायक पुन्हा गात नाही. म्हणून एखाद्या घराच्या माळ्यावर जुन्या तबकड्यांची पेटी सापडली, तर तिला अडगळ समजून टाकून देण्यापूर्वी तिच्यात कोणाचा स्वर निद्रिस्त आहे, याची चौकशी करणे हे सुजाणाचे कर्तव्य ठरते.