टोचलेल्या नाका-कानांतील दागिने घरी बदलताना घ्यावयाची दक्षता : चमकीच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना :
कर्णवेध हा सोळा संस्कारांपैकी एक मानला जातो. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील सोळाव्या अध्यायात कान टोचण्याचा विधी आला असून, त्यानंतर दर तीन दिवसांनी छिद्रात अधिक जाड वात घालण्यास सांगितले आहे. म्हणजेच टोचण्याइतकेच महत्त्व नंतरच्या निगेलाही होते. आज टोचण्याचे काम सोनार किंवा डॉक्टर करतात. दागिना बदलण्याचे काम मात्र बहुधा घरीच होते. प्रस्तुत लेखात त्याची सुरक्षित पद्धती मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

१. जखम भरण्याचा कालावधी :
टोचलेले छिद्र ही जखमच होय. तिला आतून त्वचेचे अस्तर येईपर्यंत दागिना काढू नये. कानाच्या पाळीस साधारणतः ६ ते ८ आठवडे लागतात. नाकपुडीस, तसेच बुगडी वा भिकबाळी घालतात त्या कानाच्या वरच्या भागास कित्येक महिने लागतात; कारण तेथील कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात.

२. चमकी काढण्याची पद्धती :
चमकीतील सर्वांत धोक्याचा भाग म्हणजे तिची फिरकी. ती नाकपुडीच्या आत असते. सैल झालेली फिरकी श्वासाबरोबर ओढली गेल्यास घशात, क्वचित श्वासनलिकेतही जाऊ शकते. म्हणून चमकी आडवे पडून किंवा मान मागे टाकून कधीही काढू नये.

प्रथम हात साबणाने धुवावेत. उकळून गार केलेल्या पेलाभर पाण्यात पाव चमचा मीठ विरघळवून त्याने खपली मऊ करावी. पुढे स्वच्छ कापड पसरून, मान खाली झुकवून, तोंडाने श्वास घ्यावा. एका हाताने चमकी बाहेरून स्थिर धरून दुसऱ्या हाताने फिरकी सोडवावी. ती हाती आल्यावरच चमकी बाहेर ओढावी. छिद्र लवकर आक्रसते, म्हणून नवी चमकी धुऊन जवळच ठेवावी व लगेच घालावी. अडथळा जाणवल्यास जोर करू नये.

फिरकी आत गेल्यावर खोकला, घरघर वा धाप लागल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे. खोकला थांबला तरी तपासणी टाळू नये. धातूची फिरकी क्ष-किरण चित्रात दिसते.

३. धातूची निवड :
खोट्या दागिन्यांतील निकेलमुळे खाज व पुरळ येते. युरोपीय संघाने १९९४ मध्येच दागिन्यांतील निकेलवर निर्बंध घातले. टायटॅनियम किंवा निकेलविरहित सोने इष्ट होय.

४. जंतुसंसर्ग झाल्यास :
अशा वेळी दागिना घाईने काढून टाकण्याकडे कल असतो. परंतु छिद्राचे तोंड मिटल्यास पू आत कोंडतो. म्हणून वैद्यकीय सल्ल्याशिवाय दागिना काढू नये आणि जखमेवर हळद-तेलाचा लेपही लावू नये. कानाचा वरचा भाग लाल होऊन ठणकू लागल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. विलंबाने कूर्चा नष्ट होऊन कानाचा आकार कायमचा बिघडू शकतो.

निष्कर्ष :
वर्षानुवर्षे न काढलेली चमकी घट्ट बसते. शस्त्रक्रिया किंवा एम.आर.आय. तपासणीपूर्वी ती काढावी लागते आणि घाईत इजा होते. सौभाग्यचिन्ह म्हणून चमकी काढण्यास अनेक स्त्रियांचे मन धजत नाही. त्या भावनेचा आदर राखूनही, ती अधूनमधून स्वच्छ करून फिरकी मोकळी ठेवणे हिताचे आहे. दागिना सहजपणे काढता येणे हा त्याच्या सुरक्षित वापराचाच भाग होय.